ऐक्याच्या आठवड्यात पगाराचा विषय काढायचा का?

या वेळचं पत्र एका बहिणीचं आहे, नाव छापू नका म्हणालीये. ती प्रोटेस्टंट, नवरा कॅथलिक, लग्नाला नऊ वर्षं झाली, एक रविवार तिच्या चर्चला आणि एक रविवार त्याच्या असं दोघांनी ठरवून घेतलंय. ही दोन चर्च आणि आणखी एक तिसरं चर्च मिळून दर जानेवारीत ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा पाळतात आणि ती त्या कमिटीत आहे. पुढचं तिच्याच शब्दांत.

"ताई, आमच्या चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या मावशी माझ्या नवऱ्याच्या चर्चच्या सभासद आहेत. गेले सात महिने त्यांना अर्धाच पगार मिळतोय, फंड नाही म्हणतात, पण याच सात महिन्यांत संयुक्त उपासनेसाठी नवी साउंड सिस्टीम आली. मी कमिटीत विषय काढला तर आमच्या चर्चचे एक वडील, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ पुढारी, म्हणाले, ऐक्याच्या आठवड्यात असले वाद कशाला, हा आमचा घरचा विषय आहे, बाकीच्या चर्चसमोर नको. फादर पण गप्प बसले, दुसऱ्याच्या घरात कशाला बोलायचं म्हणून असेल. मला जास्त काय लागतं सांगू? नवऱ्याच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेला, मावशी पुढे जाऊन कम्युनियन घेतात, आपण ज्याला प्रभुभोजन म्हणतो ते, आणि मी बाकावर बसून राहते. आमच्या चर्चमध्ये मी प्रभुभोजन घेते आणि त्या बाहेर पायऱ्या पुसत असतात. मग हे ऐक्य नक्की कुणाचं? समारोपाच्या उपासनेत योहान १७ चं वाचन, म्हणजे सगळ्यांनी एक व्हावं ही येशूची प्रार्थना, माझ्याकडे आहे. वाचू का? की कमिटीच सोडून देऊ? की आठवडाभर गप्प बसू?"

अगं, उत्तर आधी देते आणि कारणं मग सांगते. गप्प बसू नकोस. कमिटी सोडू नकोस. वाचन तर अजिबात सोडू नकोस, त्यावर मी शेवटी येते.

आधी त्या "घरचा विषय" बद्दल, कारण सगळी गाठ तिथेच आहे असं मला वाटतं. मावशी काम करतात तुझ्या चर्चमध्ये आणि सभासद आहेत दुसऱ्या चर्चच्या, म्हणजे एका मंडळीच्या मेंढराचा पगार दुसऱ्या मंडळीने अडवून ठेवलाय आणि त्या दोन मंडळ्या एकत्र उभं राहून "आम्हाला एक कर" अशी प्रार्थना करणार आहेत. मग हा एका घरचा विषय राहिला कुठे? ऐक्याच्या आठवड्यात दुसरं काही नाही बोललं तरी चालेल पण हे बोललंच पाहिजे, इतका हा त्या आठवड्याचा विषय आहे. प्रेषित पौल बायबलमधल्या त्याच्या पत्रात म्हणतो ना की एक अवयव दुखला तर बाकीचे सगळे त्याच्याबरोबर दुखतात, तो कुठल्या पंथाचा अवयव आहे हे आधी विचारा असं काही तो म्हणत नाही.

आणि आता तू पायऱ्यांबद्दल जे लिहिलंयस त्याच्यावर येते. करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय, आपण प्रभुभोजनाच्या वेळी त्यातली तेविसाव्या वचनापासूनची ओळ ऐकतो, ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली, ही आपल्याला पाठ असते. पण पौलाने ही गोष्ट तिथे का सांगितली ते त्याच्या आधीच्या सहा वचनांत आहे आणि ती वचनं आपण सहसा वाचतच नाही. करिंथमध्ये मंडळी जेवायला एकत्र जमायची, ज्यांच्याकडे भरपूर होतं ते आधीच खाऊनपिऊन मोकळे व्हायचे आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहायचे. ते बहुधा मजूर, गुलाम असावेत, दिवसभराचं काम संपल्याशिवाय त्यांना येताच येत नसणार. पौल चिडून म्हणतो की तुम्ही जे खाताय ते प्रभूचं भोजनच नाही, तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ लेखताय आणि गरिबांना लाजवताय. बघ, प्रभुभोजनावरून मंडळीला झालेली जी पहिली कानउघाडणी आपल्याला बायबलमध्ये सापडते, ती भाकर आणि प्याल्यात नेमकं काय होतं यावरून झालेली नाहीये, ती कोण बसलं आणि कोण बाहेर राहिलं यावरून झालीये. त्यामुळे तू जे दोन प्रश्न वेगळे समजून लिहिलेस, एक कम्युनियनचा आणि एक पगाराचा, ते पौलाच्या हिशोबाने एकाच टेबलावरचे आहेत.

मला माहितीये की वडील काय म्हणतील. म्हणतील की ऐक्य फार नाजूक आहे, किती वर्षांनी तीन चर्च एकत्र आलीत, तू एवढ्याशा गोष्टीवरून ते मोडशील. त्यांची भीती खोटी नाहीये आणि मी ती हलकी करणार नाही, कारण हे एकत्र येणं खरंच फार कष्टाने मिळालंय. विचार कर, १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली हे प्रोटेस्टंट चळवळीचे दोन पुढारी समोरासमोर बसले, पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर एकमत झालं आणि पंधराव्यात प्रभुभोजनावरून अडलं, आणि तिथून दोन वाटा झाल्या त्या शतकानुशतकं तशाच राहिल्या. या दोन वाटांवरच्या युरोपातल्या लूथरन आणि रिफॉर्म्ड चर्चना एकमेकांचं प्रभुभोजन मान्य करणाऱ्या लॉयनबेर्ग करारापर्यंत यायला १९७३ साल उजाडावं लागलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स आणि पश्चिमेकडच्या कॅथलिक मंडळीने १०५४ मध्ये एकमेकांवर टाकलेले बहिष्कार पोप पॉल सहावे आणि ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख पॅट्रिआर्क अथेनागोरास यांनी मागे घेतले ते ७ डिसेंबर १९६५ ला, म्हणजे नऊशे वर्षांनी. विश्वासाने नीतिमान ठरण्याचा मुद्दा, म्हणजे माणूस देवापुढे निर्दोष ठरतो तो कशाने, ज्याच्यावरून प्रोटेस्टंटांना कॅथलिक चर्चपासून वेगळी करणारी सगळी रिफॉर्मेशन पेटली, त्याच्यावर कॅथलिक आणि लूथरन लोकांनी आउग्सबुर्गमध्ये ३१ ऑक्टोबर १९९९ ला एकत्र सही केली, मग २००६ मध्ये मेथडिस्ट आले, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड आले. हा प्रार्थनेचा आठवडा, १८ ते २५ जानेवारी, १९०८ साली सुरू झाला, आणि आज तुम्ही त्यात जी उपासना पत्रिका वापरता तिच्यावर १९६८ पासून व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून काम करतात. एवढ्या लोकांच्या एवढ्या वर्षांच्या प्रार्थना त्या पत्रिकेमागे आहेत. म्हणून तुमच्या चर्चचे ते वडील जेव्हा "मोडू नका" म्हणतात तेव्हा त्यांच्याशी आदराने बोल, त्यांना कळतंय की हे महाग आहे.

फक्त ते मोडतंय कशाने, हे त्यांनी उलटं धरलंय. याला एक उदाहरण आहे आणि ते मी जरा नीट सांगणार आहे कारण मला स्वतःला त्याच्यातून फार शिकायला मिळालं.

दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे चर्चचे निर्णय घेणाऱ्या सभेने, १८२९ मध्ये ठरवलं होतं की प्रभुभोजन सगळ्यांनी बरोबरच घ्यायचं, रंगावरून भेद करायचा नाही. चांगला ठराव होता. पण काही गोऱ्या सभासदांना ते पटेना, त्यांना काळ्या लोकांबरोबर एका प्याल्यातून प्यायचं नव्हतं. तेव्हा १८५७ च्या सिनडने काय केलं माहितीये? म्हटलं की शास्त्राप्रमाणे एकत्रच असायला हवं, पण "काहींच्या दुर्बलतेमुळे" वेगळी उपासना करायला हरकत नाही. म्हणजे भांडण नको, कुणाला दुखवायला नको, शांतता राहू दे. त्या सवलतीतून १८८१ मध्ये रंगाने वेगळं असं अख्खं मिशन चर्च निघालं, आणि पुढच्या शतकात वर्णभेदाच्या सरकारी धोरणाला ख्रिस्ती आधार देणाऱ्यांना ही चर्चमधली वेगळी व्यवस्था आयतीच हाताशी होती. सवलत मागणाऱ्यांना तेव्हा वाटलं असेल की आपण मंडळी टिकवतोय.

मग १९८२ साल. ऑटावाला जगभरातल्या रिफॉर्म्ड चर्चची सभा भरली, सुरुवातीलाच प्रभुभोजनाची उपासना होती, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या आणि मिश्रवर्णीय प्रतिनिधींपैकी काहीजणांनी ते घ्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, घरी जे आम्हाला आपल्या टेबलाजवळ येऊ देत नाहीत त्यांच्याबरोबर आम्ही इथे परदेशात येऊन एकीचं चित्र उभं करणार नाही. आता सांग, त्या दिवशी ऐक्य कुणी मोडलं? जे बाजूला राहिले त्यांनी की ज्यांनी सव्वाशे वर्षं आधी टेबल वेगळं केलं त्यांनी? सभेने त्यांचं ऐकलं. वर्णभेदाचं धार्मिक समर्थन ही पाखंडी शिकवण आहे असं जाहीर केलं, दोन गोऱ्या चर्चचं सभासदत्व स्थगित केलं. आणि त्याच वर्षी त्याच मिशन चर्चने, म्हणजे ज्यांना बाहेर काढलं होतं त्यांनी, बेलहार विश्वासांगीकाराचा, म्हणजे आपला विश्वास काय आहे ते जाहीर सांगणाऱ्या निवेदनाचा, मसुदा तयार केला, १९८६ मध्ये तो स्वीकारला. त्याच्यात ऐक्य, समेट आणि न्याय हे तिन्ही एकत्र गुंफलेत. एक काढून दुसरं घेता येत नाही अशी त्याची बांधणी आहे. ज्यांना टेबलावरून उठवलं त्यांनी ऐक्यावरचा इतका सुंदर अंगीकार लिहावा, मला हे आठवलं की अजूनही भरून येतं.

तुझ्या मावशींचा प्रश्न वर्णभेदाएवढा मोठा आहे असं मी म्हणत नाहीये. पण "काहींच्या दुर्बलतेमुळे" हे वाक्य आणि "ऐक्याच्या आठवड्यात असले वाद कशाला" हे वाक्य, दोन्ही शेजारी ठेवून बघ.

एक गैरसमज मात्र तुझ्याही पत्रात डोकावतोय, तो पण बोलून टाकते. तू एके ठिकाणी लिहिलंयस (ते मी वर घेतलं नाही) की उपासना वगैरे राहू दे, तीन चर्चनी मिळून नुसतं समाजकार्य केलं तरी पुष्कळ, शिकवणीने तुकडे होतात आणि सेवेने माणसं जोडली जातात. हे शंभर वर्षं जुनं वाक्य आहे गं, १९२५ मध्ये स्टॉकहोमला चर्चची मोठी परिषद भरली होती तेव्हा याच अर्थाची घोषणा लोकांच्या तोंडी होती. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे, पहिलं महायुद्ध नुकतंच होऊन गेलं होतं, ख्रिस्ती देशांनीच एकमेकांची पोरं मारली होती आणि ही माणसं म्हणत होती की आता तरी एकत्र काहीतरी करूया. पण पुढे अनुभव असा आला की सेवेनेही तुकडे होतात, कधीकधी जास्त होतात. जागतिक चर्च परिषदेने १९६९ मध्ये वंशभेदाविरुद्ध कार्यक्रम सुरू केला आणि मुक्तिलढ्यांना मदतीचे पैसे दिले, तर काही चर्च रागावून बाहेर पडली, साल्व्हेशन आर्मी या चर्चने १९७८ मध्ये आपलं सभासदत्व स्थगित केलं. शिकवणीवर पिढ्यानपिढ्या शांतपणे चर्चा करणारी माणसं पैसा कुणाला द्यायचा यावरून एका वर्षात फुटतात. तुझ्या कमिटीत सुद्धा बघ, बाप्तिस्मा कधी द्यायचा यावर तिन्ही चर्चचं पटत नाही आणि तरी तुम्ही हसत एकत्र बसता, पण एका बाईच्या पगाराचं नाव काढलं की खोली गार पडते.

म्हणून नुसती सेवा हा सोपा रस्ता नाहीये. १९९३ मध्ये डेन्मार्कमधल्या रॉनडे इथे याच विषयावर एक चर्चा झाली होती, चर्च म्हणजे काय आणि नैतिक जबाबदारी म्हणजे काय हे दोन अभ्यास तोवर वेगवेगळ्या खोल्यांत चालायचे ते एकत्र आणायला, आणि तिथून जो शब्द निघाला तो मला फार पटतो, किंमत मोजावी लागणारं ऐक्य. त्याच्या उलट स्वस्तातलं ऐक्य, ज्याच्यात अवघड विषय बाजूला ठेवले की सगळं गोड असतं. न्यायाचं काम हे चर्चने उरलेल्या वेळात करायचं काम नाही, चर्च असण्याचाच तो एक भाग आहे, असं ती मंडळी म्हणत होती. उपासना त्याला लागतेच, कारण तिथे आपण पापांगीकार करतो. समाजकार्याच्या मीटिंगमध्ये कोण कबूल करतं की आम्ही चुकलो?

आता तुझं दुसरं दुखणं, बाकावर बसून राहण्याचं. यात मी तुला खोटा दिलासा देणार नाही. कॅथलिक चर्चचा नियम तुला माहितीच असेल, बाप्तिस्मा झालेल्या पण कॅथलिक नसलेल्या माणसाला कम्युनियन फक्त फार गंभीर गरजेच्या वेळी आणि काही अटींवर मिळू शकतं, आणि मिश्र विवाहातल्या जोडप्यांसाठी सुद्धा तो अपवादच. ऑर्थोडॉक्स चर्च याहून कडक आहेत. बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चमध्ये टेबल सगळ्या बाप्तिस्मा झालेल्यांना मोकळं असतं, म्हणून आपल्याला त्यांचं बंद टेबल अपमान वाटतो. पण त्यांचं म्हणणं एकदा त्यांच्या बाजूने समजून घे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ ला ऐक्याबद्दल जो ठराव काढला त्याच्यात सामायिक उपासनेबद्दल दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्यात, एक म्हणजे ती मंडळीच्या ऐक्याची खूण आहे म्हणून बहुतेक वेळा एकत्र करता येत नाही, आणि दुसरी म्हणजे ती कृपेचं साधन आहे म्हणून कधीकधी एकत्र करावी. म्हणजे ते स्वतःच त्या ओढाताणीत उभे आहेत. जे अजून खरं झालं नाही त्याची खूण आधी करायची नाही, असं त्यांचं मन आहे.

आणि खरं सांगू का, हे मन तुला आज कळायला हवं, कारण तू पण तेच म्हणतीयेस. तूच लिहितीयेस की मावशींना अर्धा पगार देऊन आम्ही एकीची उपासना कशी करायची. खूण खरी असली पाहिजे, हाच तर तुझा आग्रह आहे. फक्त ते विश्वासाच्या बाजूने खरेपणा मागतायत आणि तू न्यायाच्या बाजूने मागतीयेस. मला वाटतं दोन्ही मागण्या बरोबर आहेत आणि तुमच्या तीन चर्चना दोन्ही ऐकायची गरज आहे.

म्हणून नवऱ्याच्या चर्चमध्ये तू बसून राहतेस तेव्हा ते बसणं वाया घालवू नकोस. काही ठिकाणी हात छातीवर दुमडून पुढे जाता येतं आणि फादर आशीर्वाद देतात, तिथे तशी पद्धत आहे का ते फादरांना सरळ विचार. नसेल तर बस, आणि त्या दोन मिनिटांत हे दुखतंय ते प्रभूला सांग. माझ्या एका जिवलग मैत्रिणीच्या अंत्यविधीच्या मिस्साला मी अशीच बसले होते, आम्ही वीस वर्षं एकत्र प्रार्थना केली होती आणि तिच्या शेवटच्या दिवशी मी तिच्या टेबलाजवळ जाऊ शकले नाही. त्या दिवसापासून योहान १७ मी वेगळं वाचते. ऐक्याची प्रार्थना ज्याला काही दुखतच नाही त्याच्या तोंडी फार पातळ होते. आणि हेही आठव की तुझा बाप्तिस्मा आणि मावशींचा बाप्तिस्मा यात फरक नाहीये, पाणी एक, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्याचं नाव एक, निकायाचा विश्वासांगीकार तुम्ही दोघी म्हणता ज्याचं मूळ ३२५ सालच्या परिषदेत आहे. टेबलाआधीचं एवढं सगळं तुमचं एक आहे.

आता काय करायचं. पहिली गोष्ट, कुठलीही चिठ्ठी किंवा मेसेज लिहायच्या आधी मावशींशी बोल. एकटी जा, त्यांच्या सोयीच्या वेळी. तुझ्या पत्रात मला सगळे भेटले, वडील भेटले, फादर भेटले, पण मावशींना काय हवंय हे कुठेच नाहीये. कदाचित त्यांना सात महिन्यांची थकबाकी हवी असेल, कदाचित पुढच्या महिन्यापासून पूर्ण पगार मिळाला तरी पुरे असेल, कदाचित नोकरी जाईल या भीतीने त्या म्हणतील की नाव काढू नको बाई. त्या म्हणाल्या तर त्यांचं नाव कुठेही काढायचं नाही, मग तू पगाराच्या नियमावर बोल, माणसावर नाही. त्यांना विचारल्याशिवाय केलेला न्याय हा परत त्यांच्या डोक्यावरून घेतलेला निर्णयच झाला.

मग मत्तय अठरामधला क्रम धर, आधी एकट्याने जाऊन, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. तू एकदम कमिटीत विषय काढलास, त्यात तुझी चूक अशी नाही पण वडिलांना चारचौघांत कोंडीत सापडल्यासारखं झालं असणार. आता त्यांना आणि ट्रेझररना वेगळं भेट. सोबत कागद घेऊन जा, कुठल्या महिन्यात किती ठरलं होतं, किती दिलं, किती बाकी. चिडू नकोस, पण वचन उघडून ठेव, लेवीय १९:१३, मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवून घ्यायची नाही, आणि याकोब ५:४, अडवून ठेवलेली मजुरी ओरडतीये. याकोब तर म्हणतो की ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. म्हणजे तक्रार तू करायच्या आधीच पोचलीये, हे वडिलांना सांगितलंस तर त्यांनाही ते लागेल, ते देवाला भिणारे आहेत असं तुझ्याच पत्रावरून दिसतं.

एक गोष्ट होईल, मी आत्ताच सांगून ठेवते. कुणीतरी दयाळूपणे म्हणेल की बरं चला, समारोपाच्या उपासनेतलं दान मावशींना देऊन टाकू. नाही म्हण. प्रेमाने पण ठाम नाही म्हण. पगार म्हणजे दान नाही. दान घेताना माणसाला हात पसरावा लागतो, स्टेजवर उभं राहावं लागतं, फोटो निघतो, आणि मजुरी हा तिचा हक्क आहे, तो ठरलेल्या तारखेला पाकिटात गुपचूप मिळाला पाहिजे. तीन चर्चचं दान गोळा करून एका चर्चचं देणं फेडलं तर त्या चर्चला आपण चुकलो हे कळणारच नाही. दान ज्याच्यासाठी ठरलंय त्याच्यासाठी जाऊ दे.

फादरांशी नवऱ्याला बोलू दे. तो त्यांच्या चर्चचा आहे, मावशी पण, त्यामुळे त्याने विचारलेलं बरं दिसेल. पाहुण्याने यजमानाच्या घरात बोलू नये ही रीत चांगली आहे, पण इथे ते पाहुणे नाहीत, मावशींचे मेंढपाळ आहेत. १९५२ मध्ये लुंडच्या परिषदेत चर्चनी स्वतःलाच एक प्रश्न घातला होता, की ज्या बाबतीत खोल मतभेद आपल्याला वेगळं वागायला भागच पाडतात त्या सोडून बाकी सगळ्या बाबतीत आपण एकत्र का वागू नये? मजुराला पूर्ण मजुरी द्यावी यात तिन्ही चर्चचा कुठला खोल मतभेद आहे? मग तुमच्या कमिटीने सगळ्यांसाठी मिळून एक साधं ठरवायला काय हरकत आहे, की तिन्ही चर्च आपापल्याकडे काम करणाऱ्यांचे पगार, सुट्ट्या, थकबाकी बघतील आणि पुढच्या मीटिंगला एकमेकांना सांगतील. सगळेच आपापली वही उघडणार म्हटल्यावर तुझ्या चर्चला एकटं पाडल्यासारखं पण होणार नाही. माझा अंदाज आहे की बाकीच्या दोन वह्यांतही काहीतरी निघेल.

पत्रात तू कमिटी सोडण्याबद्दल विचारलंस म्हणून माझं एक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी पण अशाच एका संयुक्त उपासनेच्या कमिटीत होते. आमच्यात एक छोटी, गरीब मंडळी होती, दरवर्षी खुर्च्या लावायचं काम त्यांच्याकडे असायचं आणि प्रार्थना, वाचन, संदेश यातलं काहीच त्यांच्याकडे कधी द्यायचे नाहीत. मला ते दिसत होतं. तीन वर्षं दिसत होतं. कार्यक्रम चांगला चाललाय, कशाला उगाच, म्हणून मी बोलले नाही. चौथ्या वर्षी ती मंडळी आलीच नाही, आणि खुर्च्या कोण लावणार एवढीच चर्चा झाली. मी तेव्हा रागाने कमिटी सोडली, आणि ते दुसरं चुकलं, कारण बोलणारं जे एक माणूस होऊ शकलं असतं ते पण गेलं. त्या मंडळीच्या पाळकांची मी नंतर घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी ती दिली, पण ते परत आले नाहीत. तू अजून आत आहेस, बोलायला वेळ आहे, म्हणून एवढं कळकळीने लिहितीये.

उपासनेत मात्र कुणाला टोमणा मारू नकोस. प्रार्थनेत डोळे मिटून वडिलांना सुनवायचं, हे आपल्याकडे पुष्कळ होतं आणि ते फार वाईट आहे, प्रार्थना देवाशी बोलायला असते. त्यापेक्षा कमिटीला विनंती कर की उपासनेत पापांगीकाराला पाच मिनिटं जास्त द्या, तिन्ही चर्चच्या पाळकांनी एकेक वाक्य आपल्या मंडळीच्या वतीने कबूल करावं, स्वतःच्या मंडळीबद्दल, दुसऱ्याच्या नाही. मत्तय ५ मध्ये येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणताना आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. नीट वाच, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर असं नाहीये ते, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर असं आहे. म्हणजे ज्याच्याकडून चुकलंय त्याने उठून जायचंय. मावशींनी येऊन मागायचं नाहीये.

आणि वेळ. आठवडा १८ तारखेला सुरू होतो, समारोप २५ ला. सात महिन्यांचा हिशोब एका आठवड्यात मिटेलच असं नाही, पण निदान मंडळीने कबूल केलं, तारीख ठरवली आणि पहिला हप्ता दिला एवढं त्याच्या आधी होऊ शकतं. नाहीच झालं तर? तरी तू वाचन कर. तुला ढोंग वाटतंय हे मला कळतंय, पण ती प्रार्थना तुमच्या तीन चर्चच्या चांगुलपणावर उभी नाहीये, ती येशूने धरला जायच्या रात्री केली, आणि ज्यांच्यासाठी केली ते शिष्य थोड्याच वेळात पळून जाणार होते. तू फक्त आवाज देणार आहेस.

वाचन कमिटीने विसाव्या वचनापासून ठरवलं असेल, बहुतेक ठिकाणी तसंच असतं. तू सतरापासून सुरू करायची परवानगी माग, सत्याने त्यांना पवित्र कर, मग विसावं, मग एकविसावं, जगाने विश्वास धरावा म्हणून, आणि तेविसाव्यापर्यंत जा. आणि दुसरं वाचन अजून ठरलं नसेल तर करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११, वचनं १७ ते ३४ सुचव, मधली वचनं न गाळता. तेहतिसाव्यात पौल एकमेकांची वाट बघायला सांगतो. ते वाचन करायला मावशी तयार असतील का ते त्यांना विचार, आणि त्या दिवशी पायऱ्या पुसायला दुसऱ्या कुणाची तरी पाळी लाव, मला वाटतं तुझी आणि तुझ्या नवऱ्याची.

काय झालं ते फेब्रुवारीत कळव. मी तुमच्या तिन्ही मंडळ्यांसाठी आणि मावशींसाठी प्रार्थना करतेय.

तुझी,
ताई